टोपणाच्या आत

दुपारचे पावणेतीन वाजले होते, पेनाचं टोपण निघत नव्हतं आणि नर्सबाई पाचला यायच्या होत्या. साडेपाचची त्यांची गाडी. म्हणजे हातात सव्वादोन तास, आणि तेवढ्यात पेनाचं काही बरंवाईट झालं तर दुसरं करायला त्या लाकडाचा कपटाही शिल्लक नाही. नाकवाल्यांच्या पन्नास वर्षांच्या कामात असं कधी झालं नव्हतं. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि त्या घरात त्यांच्या म्हणण्याला आडवं जायची कुणाची छाती नव्हती.

नाकवाले हे काही आडनाव नव्हे. लाकडाची कुठलीही चिरफळी डोळे मिटून नाकाशी धरायची आणि तिची सगळी कुंडली सांगायची, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. एकदा गल्लीच्या टोकाच्या किराणावाल्याने खोक्याची फळी आणली आणि ओळखा म्हणाला. नाकवाल्यांनी ती हुंगली आणि सांगितलं, "लाकूड फालतू आहे, पण यात साबण भरलेला होता." होताच. त्यांची बायको मात्र म्हणायची की दोन घरांपलीकडचं दूध करपलं तरी यांना कळतं, पण स्वतःच्या घरातला गॅस बंद करायला हा माणूस कधी उठला असेल तर शपथ.

घराच्या तळमजल्यावर त्यांचा कारखाना. कारखाना आपला म्हणायचा, खोल्या दोनच. मागच्या खोलीत लेथ, पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब बाक. पोरवयात ते एका खुर्च्या करणाऱ्याकडे कामाला लागले, तिथे लेथखाली पडलेले वासाचे तुकडे उचलून पेनं करायला लागले, आणि मग तेवढंच करत राहिले. देवदाराची पेनं, कापराच्या लाकडाची पेनं. माणूस तसा हट्टी. प्लास्टिकचं पेन खिशाला लावलेलं गिऱ्हाईक आलं तर आधी त्याच्या खिशाकडे बघून नाक मुरडणार, मग बसा म्हणणार.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. बाहेरून लॅकरचे पाच हात, आतून एकही नाही. आता यात काय एवढं, असं वाटेल. पण वासाच्या लाकडात तेल असतं आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतं. हाताचा घाम लागून लाकूड काळं पडू नये म्हणून बाहेरून लॅकर हवंच. टोपण आतून मात्र कोरं ठेवायचं, म्हणजे वास तिथे साठतो आणि टोपण उघडलं की बाहेर येतो. आतून लॅकर मारलं की दोन गोष्टी होतात. एक, वास मेला. दुसरी त्याहून वाईट. तेलाची वाफ बंद टोपणात कोंडते, लॅकर मऊ पडून डिंकासारखं चिकट होतं, आणि टोपण पेनाच्या मानेला असं धरून बसतं की ओढलं तर टोपण तरी फुटणार, नाहीतर मान तरी.

आज तेच झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी नर्सबाई आल्या होत्या, कापडात गुंडाळलेला एक फळीचा तुकडा घेऊन. आयुष्यभर इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेली बाई, बोलणं मोजकं. त्यांच्या आईची देवदाराची पेटी होती, लोकरीचे कपडे ठेवायची. घराला आग लागली त्यात पेटी गेली, उरला तो एवढाच तुकडा. एक बाजू जळकी होती. "माझा मोठा भाऊ जन्मभर लेखनिक होता," त्या म्हणाल्या, "आता त्याला दिसत नाही. लिहिणार तो काय, सही तेवढी करतो. पण लहानपणी आईच्या पेटीत डोकं खुपसून बसायचा. त्याला हे उघडून हुंगता आलं पाहिजे." तुकड्यातून दोन पेनांपुरतं लाकूड निघालं. पहिलं भोक पाडतानाच चिरलं. हे दुसरं.

तयार होऊन तीन दिवस ते नाकवाल्यांच्या खणात कुलपात होतं. गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते प्रत्येक पेन उघडून एकदा स्वतः हुंगत. आज दुपारची झोप काढून उठले, कमरेची किल्ली काढली, खण उघडला, पेन घेतलं आणि टोपण ओढलं. ते हललं नाही. पुन्हा ओढलं. मग त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि मानेशी टोपण टेकतं त्या रेघेवर त्यांना लॅकरचा बारीकसा, ओलसर चमकणारा थेंब दिसला. आतून पाझरलेला.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"टोपण कुणाकडे होतं?" त्यांनी विचारलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला सून पेनाच्या दांडीला मेण चोळत बसली होती. या घरात येऊन तिला आठ वर्षं झाली होती आणि बाकावर बसून सहा. नवरा मालाच्या गाडीवर, आठवड्यातून एकदा घरी. वरच्या मजल्यावर सासूच्या हाताखाली कांदे चिरण्यापेक्षा खाली येऊन पॉलिश पेपर घासायला तिला जास्त आवडायचं आणि ते तिने लपवलंही नव्हतं. गेल्या वर्षापासून नाकवाले तिला टोपणांना बाहेरून लॅकर मारू देत. तिचा ब्रश वेगळा, बाजारातला, काळ्या केसांचा. स्वतः नाकवाल्यांचा ब्रश पांढऱ्या घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, वीस वर्षांपूर्वी त्यांनीच बांधलेला. आता तो म्हातारा झाला होता, त्याचे केस गळायचे, पण दुसऱ्या कुणी त्याला बोट लावलेलं त्यांना खपत नसे. तो खणात, खण कुलपात.

"टोपण माझ्याकडे होतं," सून म्हणाली.

"आतून हात मारलास?"

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि त्यांच्या हातातल्या पेनाकडे बघितलं.

"पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी? बाकीचं सगळं विसरलीस तरी चालेल, पण आतून ब्रश घालायचा नाही. सांगितलं होतं का नाही?"

"सांगितलं होतं."

"मग?"

पुन्हा गप्प. नाकवाल्यांना तिचं हे गप्प बसणंच जास्त झोंबलं. नाही म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. आणि मग माणसाचं होतं तसं झालं, एका रागात मागचे सगळे राग निघाले. थिनर. ही बया गेले कित्येक महिने लॅकर पातळ करायच्या थिनरच्या बाटल्यांमागून बाटल्या संपवत होती. दुपारी ते झोपून उठले की हिच्या हातांना थिनरचा भपकारा. विचारलं तर म्हणायची, सांडलं. "पितेस की काय?" असं त्यांनी एकदा चेष्टेत विचारलंही होतं. आता चेष्टा राहिली नव्हती.

"कामात लक्ष नाही तुझं," ते म्हणाले. "सहा वर्षं डोक्यावर बसवून घेतलं ही माझी चूक. हे टोपण निघालं तरी आणि फुटलं तरी, उद्यापासून बाकावर बसायचं नाही. वरची कामं बघ."

सुनेचा चेहरा उतरला. तिने मान खाली घातली, पण उठून गेली नाही. आपलं बूड तिथून हललं तर ते परत तिथे टेकणार नाही, हे तिला कळत होतं. "बाबा," एवढंच म्हणाली, "आधी हे काढू या."

नाकवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि रबराचे दोन तुकडे घेतले. एक दांडीला गुंडाळला, एक टोपणाला. डावा हात त्यांचा जास्त चालायचा, टोपण डाव्या हातात धरून त्यांनी हळूहळू पीळ द्यायला सुरुवात केली. टोपणाची भिंत नखाएवढी जाड. त्यांनी दम धरून जोर वाढवला आणि लाकडाने आवाज केला. अगदी बारीक, पण लेथवर जन्म गेलेल्या माणसाला तो आवाज काय सांगतो ते पुरतं ठाऊक असतं. त्यांनी हात काढून घेतले.

"चिरलं?" सुनेने विचारलं.

त्यांनी भिंग लावून बघितलं. "अजून नाही."

सव्वातीन झाले. थिनर बाहेरून सोडलं असतं तर लॅकर विरघळलं असतं, पण मग बाहेरचे पाचही हात खरवडून निघाले असते आणि ते परत मारून वाळायला चार दिवस. गरम करावं तर आतलं लॅकर आणखी मऊ, आणखी चिकट. नाकवाले बाकाशी नुसते उभे राहिले. त्यांना काही सुचत नव्हतं, आणि सुचत नाही याची त्यांना फार भीती वाटली. गेल्या काही महिन्यांत अशी भीती त्यांना मधूनमधून वाटायची, हातात पटाशी असताना ती कशाला घेतली होती तेच आठवायचं नाही तेव्हा. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. वयाचं आहे, असं म्हणून ते ती भीती गिळून टाकत.

"थंड केलं तर?" सून म्हणाली. "मऊ आहे म्हणून धरून बसलंय. गारठून कडक झालं तर तडकेल. लॅकर तडकेल, लाकूड नाही."

"आणि लाकूड तडकलं तर?"

"तर मी नर्सबाईंना तोंड देईन."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मघाशी जिला हाकललं तीच सांगत होती, आणि सांगत होती ते बरोबर होतं. त्याचा राग आला तरी ते बरोबरच होतं. त्यांनी पेन तिच्या हातात दिलं.

तिने ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीतली हवा दाबून काढली, वर फडकं गुंडाळलं आणि जिना चढून गेली. पाठोपाठ वरून सासूचा आवाज आला. "बर्फाच्या कप्प्यात? लाकूड? इथे माझं दूध ठेवायला जागा नाही." मग सुनेचं काहीतरी हळू बोलणं, आणि मग सासू नुसतीच "बरं" म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात नाकवाल्यांनी बायकोला इतक्या लवकर बरं म्हणताना कधी ऐकलं नव्हतं.

पाऊण तास ठेवायचं ठरलं. पाऊण तास म्हणजे किती असतो ते त्या दिवशी दोघांनाही कळलं. सून खाली येऊन बाकावर बसली आणि अर्धवट राहिलेल्या दांडीला मेण चोळायला लागली. नाकवाले घड्याळ बघत, मग रस्त्याकडे बघत, मग परत घड्याळ. समोरच्या चांभाराने हात केला तर त्याच्याकडे लक्षही गेलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तो आंधळा भाऊ येत होता, ज्याला त्यांनी कधी बघितलंही नव्हतं. टोपण ओढणारा, मग विचारणारा, हे उघडत कसं नाही गं.

चार वाजून पाच मिनिटांनी सून पेन घेऊन खाली आली. पिशवीवर दव धरलं होतं.

"एकट्याने नको," ती म्हणाली. "तुम्ही दांडी धरा. मी टोपण धरते. मी ओढणार नाही, नुसतं धरून ठेवते. पीळ तुम्ही द्या."

दोघं समोरासमोर उभी राहिली. नाकवाल्यांनी रबर लावून दांडी धरली, सुनेने दोन्ही तळव्यांत टोपण. त्यांनी श्वास सोडला आणि मनगट वळवलं. काही नाही. आणखी थोडं. सुनेचे डोळे त्यांच्या हातावर खिळलेले. मग टक् असा आवाज झाला आणि नाकवाल्यांच्या हातात दांडी मोकळी होती.

मग सुनेने तळवे उघडले. टोपण अख्खं होतं.

"दे इकडे," नाकवाले म्हणाले. भिंग लावून त्यांनी टोपण दिव्याखाली तिरकं धरलं. चीर नव्हती. त्यांनी बाहेरून पूर्ण गोल फिरवून बघितलं, कडा बघितली आणि मग आत बघितलं. आत सगळीकडे लॅकर होतं, तडकलेलं, पापुद्रे सुटलेलं. त्याच्या मधोमध, अर्धा गाडला गेलेला एक केस होता. बोटाच्या पेराएवढा. पांढरा.

त्यांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. केस पांढराच होता.

खणाला कुलूप होतं. किल्ली त्यांच्या कमरेला. तो ब्रश त्यांच्याशिवाय कुणाच्याही हातात गेला नव्हता, झोपेतही जाणार नव्हता. त्यांनी आठवून बघितलं. टोपण सुनेकडून आलं, वाळलेलं. मग आणखी एक हात मारू म्हणून आपण ते संध्याकाळी घेतलं का? घेतलं असेल. आतून ब्रश फिरवला का? त्या जागी त्यांना काहीही आठवत नव्हतं. ते स्टुलावर बसले.

"हा माझा ब्रश आहे," ते म्हणाले.

सुनेने एप्रनच्या खिशात हात घातला आणि एक काडी बाहेर काढली. वीतभर, टोकाला सुती चिंधी घट्ट गुंडाळलेली. दुसऱ्या हाताने तिने थिनरची बाटली ओढली. "टोपण द्या," म्हणाली. "साडेचार होतील. वास उडायला वेळ लागेल."

पण नाकवाल्यांचं लक्ष काडीवर होतं. वस्तू बघून तिचं वय सांगणं हा त्यांचा धंदा होता. ती काडी आजची नव्हती. धरायची जागा बोटांनी घासून गुळगुळीत झाली होती, चिंधीखालचं टोक थिनरने काळं पडलं होतं, आणि बरोबर टोपणाच्या खोलीएवढ्या अंतरावर चाकूने एक खाच पाडली होती, काडी जास्त आत जाऊ नये म्हणून. असली काडी एका टोपणासाठी कुणी करत नाही. ती रोज लागते म्हणून करतात.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

तिने बुचात थिनर ओतलं. चिंधी बुडवली. "गेल्या हिवाळ्यापासून."

"प्रत्येक पेन?"

"प्रत्येक नाही. आठवड्याला दोन, कधी तीन. तुम्ही दुपारी झोपलात की मी सगळी टोपणं बघायचे. हे बघायला मिळालं नाही. तुम्ही त्याच संध्याकाळी कुलपात ठेवलंत."

म्हणजे ते थिनर. तो वास रोज त्यांच्या नाकात शिरत होता. साबणाचं खोकं ओळखणारं हे नाक, आणि त्याच्यासमोर रोज बाटली उघडी असून त्यांनी काय अर्थ काढला, तर सून वेंधळी आहे. नाकवाल्यांना इतकी लाज वाटली की त्यांना वर बघवेना.

"बोलली का नाहीस?" ते म्हणाले. "मघाशी तरी. मी तुला इतकं बोललो."

सुनेने टोपणात काडी फिरवायला सुरुवात केली होती. हात थांबला नाही. "तो नियम मला तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलात, बाबा. तोच तुम्हाला मी परत कसा सांगायचा?" तिने काडी आणखी आत सरकवली, खाचेपर्यंत. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडलं असतंत. मग खाली कशाला यायचं मी."

आतलं लॅकर काडीबरोबर पिवळट चिखल होऊन बाहेर येत होतं. पांढरा केसही आला. तिने तो चिंधीवरून उचलून गुपचूप खाली टाकला. मग कोरी चिंधी, मग पॉलिश पेपरची बारीक सुरळी, आत हलक्या हाताने दहा वेढे, लाकडाची भोकं मोकळी व्हावीत म्हणून. नाकवाल्यांनी तिचे हात इतक्या लक्ष देऊन आजवर बघितले नव्हते. चांगले होते. मान चिकट झाली होती ती तिने कोरड्या फडक्याने चोळून साफ केली आणि टोपण त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी ते हुंगलं. "थिनर."

तिने पुठ्ठ्याने वारा घातला. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा हुंगलं. "थिनर."

पंचवीस मिनिटं अशीच गेली आणि पावणेपाचला नर्सबाई दारात उभ्या राहिल्या, पंधरा मिनिटं आधी, हातात पिशवी. "झालंय ना?" त्यांनी विचारलं. "आज रात्री त्याच्याकडे पोहोचते मी."

सुनेने नाकवाल्यांकडे बघितलं. लाकडाला वेळ लागतो, हवामान दमट आहे, असं काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती, आणि तिने तोंड उघडलंही होतं.

"बसा बाई," नाकवाले म्हणाले. "माझ्याकडून चूक झाली. आतून लॅकर मारायचं नसतं, ते मी मारलं. टोपण अडकलं होतं. हिने काढलं आणि हिनेच साफ केलं. आता थिनरचा वास जायचा आहे. तो गेला की तुमचा वास येईल. आला नाही तर पेन देणार नाही."

नर्सबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा सुनेकडे बघितलं आणि त्या बसल्या. तिघंही टोपणाकडे बघत होती. सून वारा घालत होती. नाकवाले दर दोन मिनिटांनी टोपण नाकाशी नेत आणि मान हलवत. पाच वाजले. पाच वाजून पाच. नर्सबाईंनी घड्याळ बघितलं आणि पिशवीचे बंद हातात घेतले.

पाच वाजून नऊ मिनिटांनी नाकवाल्यांनी डोळे मिटून टोपण हुंगलं आणि या वेळी ते लगेच खाली आणलं नाही. मग नर्सबाईंच्या हातात दिलं.

बाईंनी ते नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. "शाली आहेत," त्या म्हणाल्या. "खालच्या थरात." मग त्यांनी डोळे पुसले, टोपण स्वतःच पेनाला लावलं, काढून बघितलं, पुन्हा लावलं, आणि निघाल्या. दारातून वळून सुनेला म्हणाल्या, "तुमचे हात छान आहेत हं."

त्या गेल्यावर नाकवाल्यांनी कमरेची किल्ली सोडली. खण उघडून पांढरा ब्रश काढला, त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि सुनेच्या काळ्या ब्रशाशेजारी बाकावर ठेवला. किल्लीही तिथेच ठेवली. हे करताना त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"आणखी काय काय विसरतो मी?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," सून म्हणाली. "एवढंच."

तिचं हे बोलणं खरं नव्हतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. नाकवाल्यांनी स्टूल उचललं, बाकाच्या दुसऱ्या टोकाला, ती बसायची त्या जागी नेऊन टेकवलं आणि पॉलिश पेपरचा तुकडा हातात घेतला. खिडकीखालची जागा मोकळी झाली. ती उभीच होती.

"बस तिथे," ते म्हणाले. "लॅकर आजपासून तुझं. आता थिनरची बाटली महिनाभर पुरेल."